खालच्या चार ओळी

जुलै लागला की केरव्हेन गावची माणसं तोंडानं श्वास घेतात. खाडीत हिरवं शेवाळ येऊन पडतं, गुडघा-गुडघा, आणि दोन दिवसांत सडतं. वरून उन्हानं त्यावर पांढरी पापडी धरते, खाली काळा राबडा राहतो. पापडीवर पाय पडला की ती फुटते आणि सडक्या अंड्यांचा असा भपकारा सुटतो की पोटातलं सगळं घशाशी यावं. गावातले लोक खिडक्या लावून घेतात, दोरीवरचे कपडे आत आणतात, आणि एखाद्या पाहुण्यानं नाक धरून विचारलंच तर म्हणतात, "समुद्राचा वास आहे." कसला डोंबलाचा समुद्राचा वास. डुकरांच्या गोठ्यातला मळ आणि फ्लॉवरच्या शेतातलं पांढरं नायट्रेट खत पावसानं ओढ्यात उतरतं, ओढा खाडीत जातो, आणि तिथं ते खाऊन हे शेवाळ माजतं. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण बोलायचं कुणी? गावात घरटी एकाचं पोट डुकरांवर, नाहीतर फ्लॉवरवर.

आर्मेलचंही फ्लॉवरवरच होतं. ती पन्नाशीची, नवरा गुलवेन तिच्याहून चार वर्षांनी मोठा. मूलबाळ नाही. दोघांनी मिळून तीस वर्षं फ्लॉवर लावला, कापला, पेट्यांत भरला. नायट्रेटची पोती तिनंही उचलली होती, त्यामुळं शहाणपणा शिकवायला ती काही वरून उतरलेली नव्हती. पण मागच्या जुलैत फिलू गेला आणि तिचं चित्त उडालं.

फिलू तिचा कुत्रा. ओहोटीला ती तिसऱ्या, म्हणजे शिंपले काढायला खाडीत जायची तेव्हा तो पुढं पळायचा. त्या दिवशी ओढ्याच्या तोंडाशी पापडी फुटून तो पोटापर्यंत खाली गेला. दोनदा भुंकला. मग त्याचं तोंड नुसतंच उघडलं, आवाज आला नाही. आर्मेल पट्टा धरायला वाकली आणि राबड्यातून सुटलेल्या विषारी वाफेनं तिथंच उलथली. गळासाठी किडे खणणाऱ्या एका माणसानं पाय धरून तिला ओढून काढलं म्हणून वाचली. शुद्धीवर आली तेव्हा तोंडात तोच राबडा होता, दातांच्या फटींत, जिभेखाली. दवाखान्यातल्या बाईनं तिला कितीदा चूळ भरायला लावली, पण चव गेली नाही. सरकारी माणूस येऊन कागदावर लिहून गेला की कुत्रा बुडून मेला. घोटाभर पाण्यात बुडून मेला म्हणे.

तेव्हा गुलवेन तिच्या खाटेशी बसला होता. आडदांड गडी, हात फावड्याएवढे, पण दवाखान्यात ते हात कुठं ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं. "आर्मेल," तो म्हणाला, "वाटेवरचं शेत तुझं. ओढ्याला लागून तेच आहे. यापुढं तू म्हणशील तेवढंच त्यात पडेल. तुला शब्द दिला."

लग्नातल्या शब्दानंतर त्यानं तिला दिलेला हा दुसराच शब्द होता. तिनं तो धरून ठेवला.

*

पुढल्या जुलैत भाजी पिकवणाऱ्यांच्या सहकारी संघानं खताच्या नव्या गोळ्या आणल्या. फुकट, तीन शेतकऱ्यांना, प्रयोगासाठी. आर्मेलनंच जाऊन नाव घातलं. दुसरा समोरच्या वळणावरचा फान्च, तिसरा चर्चमागचा म्हातारा जोब. फान्चचा त्या गोळ्यांवर काडीचा विश्वास नव्हता, पण फुकटची वस्तू दारावरून परत पाठवणं त्याच्या घराण्यात नव्हतं.

गोळ्या वाटाण्याएवढ्या, मळकट तपकिरी. मेंढीच्या शेपटीखालची लेंडीनं माखलेली लोकर, जी कुणी सूत कातायलाही घेत नाही, ती दाबून केलेल्या. वर समुद्रगवताच्या चिकाचा मुलामा. संघाचा तरुण तंत्रज्ञ क्लेमाँ अंगणात उभा राहून सांगत होता, "हे वरचं कातडं जमिनीत हळूहळू कुजतं. आतलं खतही हळूहळूच सुटतं. रोपाला भूक लागेल तसं ते देतं. पाऊस आला तरी ओढ्यात वाहून जात नाही. आणि दुसऱ्या गोळ्यांच्या मुलाम्यासारखा मागं प्लास्टिकचा कणही उरत नाही. फक्त पहिले काही आठवडे धीर धरायचा. पानं जरा फिकी दिसतील. हिवाळ्यात गड्डा धरेल तेव्हा फरक कळेल."

"फिकी म्हणजे किती फिकी?" गुलवेननं विचारलं.

"जराशी."

पोतं फोडलं तसा ओल्या मेंढीच्या ढुंगणाचा वास अंगणभर पसरला. गुलवेननं तोंड फिरवलं. आर्मेलनं ओंजळ भरून गोळ्या घेतल्या, नाकाशी नेल्या. वास घाणच होता. पण तो शेणामुताचा, जित्याजागत्या जनावराचा वास होता, आणि वर्षभर नाकात बसलेल्या त्या दुसऱ्या वासापुढं तिला तो चालला.

लावणी सुरू झाली. गुलवेन ट्रॅक्टरवर, मागं लावणीच्या यंत्राच्या दोन लोखंडी पाळण्यांत आर्मेल आणि हंगामासाठी आलेली एक पोलिश बाई, दोघी पाठमोऱ्या. मांडीवर रोपांचा ट्रे. एकेक रोप उपसायचं, फिरत्या चिमट्यात द्यायचं, पुढचं उपसायचं. चिमटा कुणासाठी थांबत नाही. तासाभरात मानेची शीर ताठते, दुपारपर्यंत बोटांच्या पेरांना चिरा जातात आणि त्यांत माती भरते. रोपाशेजारच्या नळीतून गोळ्या खाली पडत होत्या, टप टप. वरच्या वाटेपासून खाली ओढ्यापर्यंत उतारावर ओळीमागून ओळ लागत गेली.

फान्च वाटेवर गाडी उभी करून खिडकीतून बघत होता. "गुलवेन," त्यानं हाक दिली, "मेंढ्या पेरतोस का रे? वसंतात कोकरं उगवली तर एक मला दे."

"तुझ्यातही त्याच पडणारेत की," गुलवेन म्हणाला.

"माझ्यात पडतील. पण माझ्या जमिनीला काय खायचं ते कळतं."

पोलिश बाईला भाषा येत नव्हती, तरी ती हसली. गुलवेनची मान लाल झाली. आर्मेलनं चिमट्यात रोप दिलं आणि खालीच बघत राहिली.

*

या भागात शेतकऱ्याची अब्रू त्याच्या पानांच्या रंगावर असते. बँकेत काय आहे ते कुणी विचारत नाही. रविवारी प्रार्थना आटोपली की सगळ्या गाड्या गावाला वळसा घालून जातात, बैलगाडीच्या चालीनं, आणि आत बसलेले काचेतून एकेक शेत बघत जातात. फ्लॉवरचं पान कसं पाहिजे? निळसर, गर्द, जाड, दवानं चमकणारं. तसं असलं की म्हणतात, या घरातला माणूस झोपत नाही. पान पिवळट दिसलं की म्हणतात, दारू वाढली वाटतं, नाहीतर बायको आजारी असेल.

ऑगस्ट अर्धा झाला तरी गुलवेनचं शेत फिकंच होतं. क्लेमाँनं जराशी म्हटलं होतं, पण गुलवेनच्या डोळ्याला ते काविळीसारखं दिसत होतं. त्यात फान्चचं शेत बरोबर समोर. तिथंही त्याच गोळ्या, लावणी दोन दिवस मागंपुढं, आणि त्याची पानं अशी काळीभोर की बघणाऱ्याला शेताच्या मालकाचा हेवा वाटावा.

चर्चसमोरच्या खानावळीत सफरचंदाची सायडर पिताना जोब म्हणाला, "गुलवेन, तुझं शेत कुणाला विकायचंय का?"

"का?"

"नाही, सोडून दिल्यासारखं दिसतंय म्हणून विचारलं."

फान्चनं पेला खाली ठेवला. "माझ्याकडं त्याच गोळ्या आहेत. पोतंही त्याच गाडीतून उतरलं. आता हात कुणाचा कसा असतो, त्याला संघ काय करणार?"

सगळे हसले. गुलवेनही हसला, कारण न हसता उठून जाणं म्हणजे आणखी नाचक्की. घरी येऊन मात्र तो जेवला नाही. खिडकीशी उभा राहून शेताकडं बघत राहिला. "आमच्या बापाच्या काळापासून," तो म्हणाला, "या शेताला कुणी पिवळं म्हटलं नव्हतं."

"म्हणू दे," आर्मेल पावाला खारं लोणी लावत म्हणाली. "त्यांचं तोंड आहे. तुझा शब्द आहे."

"शब्द आहेच. मी कुठं नाही म्हणतोय?"

"मग खिडकीपासून बाजूला हो आणि जेव."

तो बाजूला झाला, पण त्याचं लक्ष तिकडंच होतं. तीस वर्षांच्या संसारात आर्मेलला त्याच्या पाठीवरूनही कळायचं. तिला त्याची कीवही आली आणि चीडही आली. खाडीतला राबडा गिळलेल्या बायकोपेक्षा जोबचं हसू या माणसाला जास्त लागत होतं.

*

महिनाअखेरीला म्हातारी तेरेझ वारली, नव्वदीची, सगळ्या गावाच्या नात्यातली. अंत्यविधीला झाडून सगळा गाव चर्चमध्ये. आर्मेल लवकर गेली, कारण फुलं मांडायची होती. गुलवेन म्हणाला, मी मागून येतो, पंपाचा पट्टा बसवायचा राहिलाय.

तो आला तेव्हा घंटा वाजून गेली होती. मागच्या दारानं घुसला, घाम पुसत तिच्या शेजारी उभा राहिला. काळा सूट त्याच्या बापाचा, जुन्या पद्धतीचा, पायाशी विजारीला दुमड असलेला. तोंडावर घामाच्या धारा, आणि बुटांना ओली माती.

"पट्टा बसला?" तिनं हळूच विचारलं.

"बसला."

शेवटी एकेकानं शवपेटीपाशी जाऊन तीर्थाचं पाणी शिंपडायचं असतं. गुलवेन आर्मेलच्या पुढं होता. त्यानं पाणी शिंपडलं, वाकला, आणि त्याच्या विजारीच्या दुमडीतून पांढरे दाणे फरशीवर पडले. टिक, टिक, टिक. साबुदाण्याएवढे, गोल. दोन-चार दाणे पेटीच्या पायाशी घरंगळले. मागून आलेल्या फान्चचा बूट एकावर पडला आणि दाणा कुरकुरला. फान्चनं खाली पाहिलं, मग गुलवेनच्या पाठीकडं पाहिलं, आणि मिशीतल्या मिशीत हसत तीर्थाच्या भांड्याकडं हात केला.

आर्मेलच्या तोंडात राबड्याची चव आली. तीच, जिभेखालची. मयताची पेटी समोर, आणि हा माणूस सगळा गाव प्रार्थनेला जाईपर्यंत दबा धरून बसला होता, अंत्यविधीची विजार चढवून, म्हणजे बदलायला वेळ जायला नको. बादलीतून नायट्रेट हातानं फेकलं असणार, यंत्राचा आवाज नको म्हणून. तिला त्याच्याशेजारी उभंही राहवेना. ती तशीच बाहेर पडली, दफनालाही थांबली नाही, सरळ शेतावर गेली.

वरून खालपर्यंत प्रत्येक रोपाच्या बुडाशी पांढरे दाणे होते. दमट हवेत त्यांना पाझर फुटला होता, भोवतालची माती ओली दिसत होती. फक्त ओढ्यालगतच्या चार ओळी राहिल्या होत्या. तिथवर आला आणि घंटा झाली असणार. बादली तिथंच बांधावर पडलेली होती, तळाशी मूठभर दाणे.

गुलवेन आला तेव्हा ती त्या चार ओळींच्या मध्ये उभी होती. आभाळ काळं झालेलं, खाडीकडून वारा सुटलेला.

"थोडंच टाकलं," तो म्हणाला. "नुसता हात फिरवलाय. रंग येण्यापुरता."

"पाऊस येतोय, गुलवेन. आज रात्रीत हे सगळं ओढ्यात जाईल."

"सगळ्यांचंच जातं."

"आपलं जाणार नव्हतं. तू म्हणाला होतास."

त्यानं बादलीकडं पाहिलं. "तुला बाहेर काय ऐकावं लागतं ते माहीत नाही. माझ्या तोंडावर विचारतात, शेत विकायचंय का. माझ्या तोंडावर."

"आणि माझ्या तोंडात काय होतं?"

पावसाचे पहिले थेंब पडले तसा तो बादली उचलायला वाकला. आर्मेलनं तिच्यावर पाय ठेवला.

"या चार ओळींना हात लावलास," ती म्हणाली, "तर मी माझ्या बहिणीकडं निघून जाईन, परत यायची नाही."

"नाही लावत. पण गावात बोलू नकोस. तेवढं कर माझ्यासाठी."

ती बोलली नाही. हेच तिला पुढं जास्त डाचलं. तीही गप्प बसली, सगळ्या गावासारखी, आणि सप्टेंबरच्या उबेत ओढ्याच्या तोंडाशी हिरव्या शेवाळाची नवी गादी पसरली तेव्हा ती घरातल्या खिडक्या लावत फिरली. स्वतःचीही किळस येते माणसाला. तिला आली.

*

शेत मात्र आठवड्याभरात गर्द झालं. गाड्या हळू होऊ लागल्या. जोबनं खानावळीत गुलवेनला स्वतःच्या पैशानं पेला पाजला. गुलवेन ताठ चालायला लागला. फक्त उताराच्या तळाशी चार ओळींची फिकट पट्टी दिसायची, आणि तिच्याकडं नजर गेली की तो मान फिरवायचा.

ऑक्टोबरात संघानं शेत बघायचा कार्यक्रम ठेवला. क्लेमाँ मोजमाप करून हरखला होता. तिन्ही शेतांत पानं जोरकस, तिन्ही ठिकाणी जवळपास सारखीच. चाळीसेक शेतकरी गुलवेनच्या बांधावर जमले. आर्मेलनं कॉफी आणि लोण्याचा केक ठेवला होता. क्लेमाँ बोलत होता, "पहिल्यांदा फिकं होतं, सगळ्यांनी पाहिलंय. मग गोळ्यांनी काम सुरू केलं. एकही जादा दाणा न टाकता हा रंग आलाय. पुढल्या वर्षी हे खत आपण सगळ्या गावाला द्यायचं म्हणतोय. गुलवेन, दोन शब्द बोला."

गुलवेननं टोपी काढली. "माझं काही नाही," तो म्हणाला. "हे सगळं आर्मेलचं. तिचाच हट्ट. मी म्हटलं, बायको म्हणते ना, मग धीर धरायचा. जमिनीला वेळ दिला पाहिजे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो तिच्याकडं वळून हसला, आणि त्या हसण्यात त्याला खरंच वाटत होतं की आपण हिला काहीतरी देतोय. आर्मेलनं हातातलं केकचं ताट भाजीच्या पेटीवर ठेवलं.

"यानं नायट्रेट टाकलंय," ती म्हणाली. "तेरेझला पुरत होतो त्या दिवशी. सगळ्या शेतात. हा रंग त्याचा आहे."

क्लेमाँचे कान लाल झाले. गुलवेनच्या हातातली टोपी तशीच राहिली. मग फान्चला हसू फुटलं, आधी नाकातून, मग पोट धरून.

"अगं बाई," तो म्हणाला, "म्हणून एवढं तोंड पाडून बसलीस? मग मी काय टाकलं म्हणतेस? लावणीबरोबरच टाकलं. आणि बाहेरच्या ओळींना, वाटेवरून दिसतात त्यांना, तर दुप्पट हो."

"मी दोनदा टाकलं," जोब म्हणाला. "पहिलं पावसात गेलं."

आता सगळेच हसायला लागले. कुणी गुलवेनच्या पाठीवर थाप मारली. आपल्यातलाच निघाला म्हणून त्यांना बरं वाटत होतं. एक जण म्हणाला, संघाच्या पोराला कशाला छळता, त्याला लिहू दे जे लिहायचंय ते. ओढ्याच्या बाजूनं वारा आला, त्यात तो वास होता, आणि चाळीस माणसं त्या वासात उभी राहून केक खात खिदळत होती. आर्मेलला वाटलं, यांची तोंडं एकदा त्यात बुडवून काढावीत, एकेकाची.

क्लेमाँ तिच्याजवळ आला. "म्हणजे नुसत्या गोळ्यांवरचं एकही रोप नाही?"

"आहे. खालच्या चार ओळी. त्यांना कुणी हात लावलेला नाही."

तो खाली उतरला. मागोमाग सगळे उतरले, गंमत बघायला. क्लेमाँ चिखलात गुडघे टेकून बसला, एक रोप मातीसकट अलगद वर काढलं. गोळ्या मऊ पडल्या होत्या, भिजलेल्या पावासारख्या, आणि पांढरी मुळं त्यांच्या आरपार गेली होती. त्यानं रोप परत बसवलं, माती दाबली.

"ह्यांना तर ससाही तोंड लावायचा नाही," जोब म्हणाला.

"गुलवेन, ह्या झाकून तरी ठेवायच्या होत्यास," फान्च म्हणाला. "पाहुणे यायचे म्हटल्यावर."

क्लेमाँनं त्यांच्याकडं लक्ष दिलं नाही. "बाई," तो आर्मेलला म्हणाला, "एवढ्या मार्चपर्यंत टिकवा. गड्डा कसा धरतो ते बघू. माझ्याकडं खरं म्हणावं असं आता एवढंच आहे."

"टिकवते," ती म्हणाली.

गुलवेन वर बांधावरच उभा होता. सगळे त्या चार ओळींभोवती वाकून बघत होते आणि तो त्यांच्याकडं बघत होता. खोटं उघडं पडलं त्याचं त्याला काही नव्हतं. ते तर सगळ्यांनी हसण्यावारी नेलं. पण त्याच्या शेतातलं पिवळं पान चाळीस माणसांनी जवळ जाऊन, बोट लावून पाहिलं होतं.

*

दुसऱ्या दिवशी आर्मेल बाजाराला गेली, कांद्याच्या वेण्या घेऊन. दुपारी परतली तर गुलवेन अंगणात ट्रॅक्टर धूत होता. मागं फिरत्या लोखंडी तव्यांचा कुळव जोडलेला, तव्यांना ताजी माती आणि हिरव्या पानांचा लगदा चिकटलेला. ती काही न विचारता उतारावरून खाली गेली.

चार ओळी राहिल्या नव्हत्या. कुळव उभा-आडवा फिरवलेला. काही रोपं मधोमध कापलेली, काही मातीत उलटी गाडलेली, पानं खाली आणि मुळं वर. ठेचलेल्या पानांचा उग्र वास सुटला होता.

गुलवेन मागून आला. पाण्यानं ओले हात विजारीला पुसत उभा राहिला.

"वाटेवरून दिसत होत्या," तो म्हणाला.

बहिणीकडं जायची धमकी दिली होती, ती आता तिला फुकाची वाटली. ती गेली तर हा उद्या इथं गर्द हिरवं काहीतरी लावेल आणि सुखानं झोपेल.

ती मातीत बसली आणि हातानं उकरायला लागली. ज्यांची मुळं शाबूत होती ती रोपं ढेकळासकट बाजूला काढून ठेवली. बोटांना गोळ्यांचा मऊ लगदा लागत होता, मेंढीचा तोच घाण वास. तिनं तो मुळांवरून पुसला नाही. गुलवेन म्हणाला, "हे काय चालवलंयस? जगायची नाहीत ती." तिनं रोपं हातगाडीत भरली, ओलं पोतं अंथरलं आणि गाडी चढावर ढकलत घराकडं निघाली. गाडी जड होती. तो मदतीला पुढं झाला, तिनं कोपरानं त्याला दूर सारलं.

घराच्या पुढ्यात, वाटेला लागून, गुलवेनच्या आईनं लावलेल्या निळ्या फुलांच्या हायड्रेंजिया होत्या. इकडं प्रत्येक घरापुढं असतात तशाच. आर्मेलनं कुदळ आणली आणि पहिल्या झुडपाच्या बुडाशी घातली.

"आर्मेल, आईच्या आहेत त्या."

"माहीत आहे."

मुळं खोल गेलेली, हाताएवढी जाड. तिनं ती तोडली, झुडूप ओढून वाटेच्या कडेला टाकलं, दुसऱ्याला हात घातला. घाम डोळ्यांत उतरला, पाठ भरून आली, तरी थांबली नाही. जागा मोकळी झाली तशी एकेक रोप ढेकळासकट बसवत गेली. फिकट, फाटक्या पानांची रोपं, माना टाकलेली. झारीनं पाणी घातलं. घराचा दर्शनी भाग ओंगळ दिसायला लागला.

गुलवेन वाटेकडं बघत होता. दुरून एक गाडी येत होती. "निदान मागच्या परसात लाव," तो हळू आवाजात म्हणाला. "तिथं पाणी जवळ आहे. तिथं मी बोटही लावणार नाही, शप्पथ घेतो. इथं सगळा गाव बघेल."

"मागं लावलं तर तू गुपचूप नायट्रेट टाकशील," ती म्हणाली. "इथं टाकायचं असेल तर बादली घेऊन सगळ्या गावादेखत यावं लागेल."

गाडी फान्चची होती. ती सवयीनं हळू झाली, मग थांबलीच. फान्चनं काच खाली केली आणि उपटलेल्या हायड्रेंजियांकडून रोपांकडं, रोपांकडून गुलवेनकडं पाहिलं. गुलवेन आत गेला आणि त्यानं दार लावून घेतलं.

"आर्मेल," फान्च म्हणाला, "हे काय गं पिवळं?"

"आमचं आहे," ती म्हणाली. "नीट बघून घे."